परसातील भाजीची बेगमी



मार्गशीर्ष लागला म्हणजे दारव्ह्याकडील परसांत एक गोड संकट उभे राहते. आश्विनात ज्या वाफ्यांकडे घरची माणसे आशेने पाहत होती, तेच वाफे आता हात सैल सोडतात. वांग्यांची झाडे भाराने वाकतात. टमाटे, ज्यांना आपल्याकडील जुनी माणसे भेदरे म्हणतात, घडच्या घड पिकतात. मेथी फुलावर येण्याची घाई करते, आणि कुंपणावरच्या वालाला शेंगांची गणती राहत नाही. पहिले आठ दिवस कौतुकाचे जातात. पुढे मात्र पानावर बसणारी मंडळी ‘आज पुन्हा वांगेच का?’ असे विचारू लागतात, आणि टोपलीच्या तळाशी राहिलेली भाजी हळूहळू गोठ्याची किंवा उकिरड्याची वाट धरते.

आता त्याच घरात वैशाखात डोकावून पाहावे. पारा ४२ अंशांपलीकडे गेलेला असतो, विहिरीने तळ गाठलेला असतो, आणि परसातल्या काळ्या जमिनीला भेगा पडलेल्या असतात. बाजारात जी भाजी येते ती कोमेजलेली आणि महाग. मग जेवणात उरते काय, तर वरण, पिठले, कांदा आणि चटणी. एकाच घरात पाच महिन्यांच्या अंतराने पूर आणि दुष्काळ असे दोन्ही नांदावेत, आणि पुराचे पाणी दुष्काळाच्या कामी येऊ नये, ही गोष्ट शहाण्या संसाराला शोभणारी नाही. मार्गशीर्षातली भाजी वैशाखापर्यंत सुखरूप कशी पोचवावी, हाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

हा भाग कापसाचा. दारव्ह्याहून एके काळी ‘शकुंतला’ या नावाने लोकांच्या ओठी बसलेली अरुंद मार्गाची आगगाडी धावत असे आणि कापूस मूर्तिजापूरच्या मोठ्या लोहमार्गापर्यंत नेऊन पोचवीत असे. कापसाची गोष्ट निराळी. तो नासत नाही. भावाची वाट पाहू शकतो, गाडीचीही वाट पाहू शकतो. भाजीला ती सवड नाही. कोवळी मेथी सकाळी खुडली तर संध्याकाळी मान टाकते. म्हणून कापसाची काळजी व्यापाऱ्याने घेतली, गिरणीने घेतली. भाजीची काळजी मात्र घरातच घ्यावी लागते, आणि ती तोडल्या दिवशीच घ्यावी लागते.

आपल्या पूर्वजांनी या प्रश्नाला तीन उत्तरे देऊन ठेवली आहेत. पहिले उत्तर वानवळ्याचे. घरात पिकले की शेजारी, सोयऱ्याधायऱ्यांकडे टोपलीतून थोडे पाठवायचे. हा केवळ औदार्याचा भाग नव्हे. आज आपल्याकडे वांगी उतू जात आहेत, उद्या शेजारच्या घरी दोडकी जातील. वानवळ्याने दोन्ही घरांतील कंटाळा आणि नासाडी टळते. दुसरे उत्तर भोगीचे. मकरसंक्रांतीच्या आदल्या दिवशी वांगी, गाजर, वाल, ओला हरभरा, बोरे अशी हंगामातली यच्चयावत पिके एकाच पातेल्यात तीळ घालून शिजतात आणि बाजरीच्या तीळ लावलेल्या भाकरीशी खाल्ली जातात. विपुलतेच्या ऐन भरात सर्व भाज्यांना एकत्र बोलावणारा सण आपल्या पंचांगात आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. तिसरे उत्तर वाळवणाचे. त्याचा विस्तार पुढे करावयाचा आहे.

परंतु टिकविण्याच्या आधी ताजे खाणे आहे, हे विसरता कामा नये. वर्ध्यास १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, आणि पुढच्याच वर्षी गांधीजींनी ‘हरिजन’ पत्रातून कच्च्या हिरव्या पाल्याच्या आहाराविषयी लिहिले. मुळ्याचा पाला, मेथीची कोवळी पाने, हरभऱ्याचे शेंडे हे कच्चे खाल्ल्याने जे मिळते, ते कोणत्याही बरणीत साठविता येत नाही. वऱ्हाडात हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याचा घोळाणा करतात. त्यात कांदा, तिखट, मीठ आणि कच्चे तेल एवढेच असते. पोषणाच्या दृष्टीने ह्या साध्या पदार्थाची योग्यता मोठी आहे. वांग्याच्या कंटाळ्यावरही उपाय आहे, तो म्हणजे पाककृती बदलण्याचा. आज निखाऱ्यावर भाजून भरीत, परवा भरली वांगी, त्यानंतर तुरीच्या ओल्या दाण्यांबरोबर, म्हणजे सोल्यांबरोबर रस्सा, आणि आठवड्याच्या शेवटी वांगीभात. एवढे करूनही जे उरेल, तेच टिकवावे.

भाजी नासते म्हणजे नेमके काय होते, हे समजले की टिकविण्याच्या साऱ्या रीती आपोआप उलगडतात. हवेत, मातीत आणि आपल्या हातांवर असंख्य सूक्ष्म जीव असतात. त्यांना जगण्यास पाणी लागते, बेताची ऊब लागते, आणि फार खारट किंवा फार आंबट जागा बहुतेकांना मानवत नाही. वांग्यात, भोपळ्यात, टमाट्यात शंभरातले नव्वदांहून अधिक भाग पाणीच असते. तेव्हा ह्या जीवांना भाजी म्हणजे मेजवानीच. पाणी काढून घेतले की वाळवण होते, मीठ वाढविले की खारवण होते, आंबटपणा वाढविला की लोणचे होते, आणि उष्णतेने जीव मारून हवा बंद केली की बाटलीतली भाजी होते. अलीकडे घरोघर आलेला शीतपेटीचा उपायही ह्याच पंगतीतला. तीत ऊब काढून घेतलेली असते, एवढेच.

दारव्ह्याला ह्या सर्वांत वाळवणाची वाट सर्वात सुलभ आहे. कोकणात हवा दमट, म्हणून तिकडच्या गृहिणीने फणसाचे गरे आणि कैऱ्या मिठाच्या पाण्यात घातल्या. आपल्याकडे माघ-फाल्गुनात आकाश निरभ्र, ऊन प्रखर आणि हवा कोरडी असते. जे ऊन वैशाखात आपल्याला छळते, तेच फाल्गुनात आपले भांडार भरून देते.

प्रथम पालेभाजी घ्या. मेथी किंवा हरभऱ्याचा पाला निवडून, दोनतीन पाण्यांतून धुऊन, पाणी पूर्ण निथळू द्यावे. मग स्वच्छ पातळावर एकेरी पसरून, वारा खेळेल अशा सावलीत वाळवावा. पालेभाजीला कडक ऊन दाखवू नये, कारण त्याने तिचा हिरवा रंग उडतो आणि डोळ्यांना उपयोगी असे जे पिवळे सत्त्व पाल्यात असते, त्याचीही हानी होते. पान मुठीत धरताच चुरा झाला की वाळले असे समजावे. एक किलो निवडलेल्या मेथीतून सुमारे १२५ ते १५० ग्रॅम वाळलेला पाला मिळतो. ह्यावरून किती पाणी उडून गेले याची कल्पना येईल.

वांगी, कारली, भेंडी यांच्या रीती निराळ्या. वांग्याच्या बोटभर जाडीच्या फोडी करून त्या कापताक्षणीच मिठाच्या पाण्यात टाकाव्या, म्हणजे काळ्या पडत नाहीत. पाच-दहा मिनिटांनी निथळून बाजेवर पसरलेल्या कापडावर कडक उन्हात घालाव्या. गवारीच्या व वालाच्या शेंगा मात्र आधी उकळत्या पाण्यात सुमारे तीन मिनिटे बुडवून लगेच थंड पाण्यात काढाव्या. ही पायरी पुष्कळजणी गाळतात. भाजीत स्वतःचीच काही द्रव्ये अशी असतात की, जी तोडल्यानंतरही काम करीत राहून तिचा रंग, वास आणि चव बिघडवितात. उकळत्या पाण्याची ती तीन मिनिटे त्या द्रव्यांचे काम थांबवितात. त्याच गवारी आणि जाड सालीच्या मिरच्या मीठ घातलेल्या ताकात मुरवून वाळविल्या, तर तळून तोंडी लावण्यास फार रुचकर लागतात. पांढऱ्या कोहळ्याचा कीस पिळून घेऊन, भिजवून वाटलेल्या डाळीत मिसळून, हिंग-तिखट-मीठ घालून सांडगे घालावे. ह्या एका पदार्थात भाजी आणि डाळ दोन्हींची बेगमी होते.

वाळवणाविषयी तीन पथ्ये सांगितली पाहिजेत. एक, माशा आणि धूळ बसू नये म्हणून वर विरळ मलमल अंथरावी. दुसरे, सूर्य मावळण्यापूर्वी सारे घरात घ्यावे. रात्रीचे दव दिवसभराची मेहनत फुकट घालविते. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे असे की, वाळलेली भाजी एकदम कोंबून भरू नये. काचेच्या बरणीत सैल भरून आठवडाभर रोज हलवून पाहावी. बरणीच्या काचेला आतून ओलावा दिसला, तर काही फोडी अजून ओल्या आहेत असे समजून सर्वच पुन्हा उन्हात घालावे. बुरशी येण्याचे कारण बहुधा हेच असते की, वरून खडखडीत वाटणारी फोड आतून ओली राहिलेली असते.

काही भाज्यांना तर वाळविण्याचीही गरज नसते. वऱ्हाडात आपण ज्याला कोहळे म्हणतो आणि पुण्या-मुंबईकडे ज्याला तांबडा भोपळा म्हणतात, ते फळ पूर्ण पिकवून, देठासह तोडून, कोरड्या व हवेशीर जागी सुटे ठेवले तर महिनोन्‌महिने टिकते. साल कोठे चिरू नये आणि देठ मोडू नये, एवढीच त्याची अट. कांदा-लसणीच्या माळा टांगण्याची आपली जुनी पद्धत ह्याच तत्त्वावर आधारलेली आहे.

दुसरी रीत खारवण्याची. गाजर, मुळा, कोबी, बीट यांचे तुकडे करून दर किलोला २५ ग्रॅम मीठ ह्या मानाने चोळावे व बरणीत दाबून भरावे. सुटलेल्या पाण्याखाली भाजी पूर्ण बुडून राहील असे वर वजन ठेवावे. मिठामुळे नासवणारे जीव मागे हटतात आणि दही लावणाऱ्या जिवांच्या नात्यातलेच काही जीव पुढे सरसावून भाजीला आंबटपणा आणतात. हा आंबटपणाच पुढे तिचा पहारेकरी होतो. ही क्रिया थंडीत चांगली साधते. म्हणून पौष-माघ गाठावा, आणि आंबट झाल्यावर बरणी शीतपेटीत ठेवावी. भाजी पाण्याबाहेर डोके काढील तर बुरशी येईल, हे ध्यानात असावे.

आता बाटलीबंद भाजीकडे वळू, आणि येथे मला थोडे कठोरपणे बोलावे लागेल. फ्रान्समध्ये निकोला अपेर नावाच्या मिठाईवाल्याने काचेच्या बाटल्यांत अन्न भरून, बुचे घट्ट बसवून, त्या पाण्यात उकळल्या. सरकारने त्याला १२,००० फ्रँकांचे बक्षीस दिले, आणि १८१० साली त्याने आपली रीत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. असे केल्याने अन्न का टिकते हे त्याला ठाऊक नव्हते. त्याचा उलगडा सुमारे अर्ध्या शतकाने पास्तरच्या संशोधनाने झाला. पुढे १८९५ साली बेल्जियममधील एका गावी खारवलेले डुकराचे मांस खाऊन काही वादक आजारी पडले व त्यांपैकी तिघे दगावले. त्या प्रकरणातून व्हॅन एरमेंगेम ह्या शास्त्रज्ञाने एक असा जंतू शोधून काढला, जो हवा नसलेल्या जागीच फोफावतो. त्याचे बीज तासन्‌तास उकळूनही मरत नाही, आणि त्याचे विष मज्जातंतूंना लुळे करून श्वास थांबविते. ह्या रोगास ‘बोट्युलिझम’ म्हणतात. भयंकर गोष्ट ही की, अशा बाटलीतल्या भाजीला वास, रंग किंवा चव यांपैकी काहीही न बिघडता ती प्राणघातक होऊ शकते.

म्हणून स्पष्ट सांगते. मटार, वाल, गवार, मका, गाजर, पालेभाजी यांसारख्या आंबट नसलेल्या भाज्या घरी पातेल्यात उकळून, बाटलीत हवाबंद करून फळीवर ठेवू नयेत. ते बीज मारण्यास सुमारे १२१ अंशांची उष्णता लागते, आणि साध्या उकळीला ती येत नाही. त्यासाठी खास दाबयंत्र व नेमके वेळापत्रक हवे; ते नसेल तर ह्या भाज्या वाळवाव्या, खारवाव्या किंवा शीतपेटीच्या गोठणकप्प्यात ठेवाव्या. सोललेला लसूण किंवा हिरव्या मिरच्या नुसत्या तेलात बुडवून बाहेर ठेवण्याची टूमही ह्याच कारणाने धोक्याची आहे. तेल हवा अडविते, जंतू मारीत नाही. आपल्या पारंपरिक लोणच्यात भरपूर मीठ असते आणि कैरी किंवा लिंबू यांचा आंबटपणा असतो; त्याचे रक्षण हे दोघे करतात, तेल हे केवळ वरचे पांघरूण होय. म्हणून प्रकृतीच्या नावाखाली लोणच्याचे मीठ कमी करून ते बाहेर ठेवू नये. मीठ कमी हवे असेल तर लोणचे थोडे करावे आणि शीतपेटीत ठेवावे.

टमाटा मात्र आंबट असल्यामुळे बाटलीत भरता येतो. शास्त्रज्ञ आंबटपणा ज्या अंकाने मोजतात, तो ४.६ च्या खाली असला म्हणजे तो जंतू वाढू शकत नाही. अंक जितका लहान, तितका आंबटपणा अधिक. पण टमाट्याचा अंक ह्या सीमेच्या अगदी काठावर असतो, आणि काही गोड जाती तर तिच्या पलीकडे जातात. म्हणून टमाट्याचा रस उकळून, गाळून, कढत असताना उकळून घेतलेल्या बाटल्यांत भरावा व अर्ध्या लीटरला पाव चहाचा चमचा लिंबूसत न चुकता घालावे. वर बोटभर जागा सोडून झाकण लावावे, आणि बाटल्या पाण्यात पूर्ण बुडतील अशा ठेवून, पाण्यास खळखळून उकळी आल्यापासून ४० मिनिटे मोजावी. पुढे केव्हाही झाकण फुगलेले दिसले, उघडताना रस उसळला किंवा शंका आली, तर चव घेऊन पाहण्याच्या भानगडीत न पडता बाटली टाकून द्यावी. एक बाटली टमाटा घरातल्या माणसाहून महाग नाही.

ह्या सर्व खटाटोपाने मिळते काय, असा प्रश्न कोणी विचारील. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांत पंडुरोग, म्हणजे रक्तक्षय, आढळला. त्याची कारणे अनेक आहेत. परंतु ताटातून महिनोन्‌महिने पालेभाजी नाहीशी होणे हे त्यांपैकी एक, आणि आपल्या हातातले, कारण आहे. पालेभाजी वाळविल्याने तिच्यातले ‘क’ जीवनसत्त्व बहुतेक जाते. लोह मात्र खनिज असल्यामुळे वाळवणातही राहते. पण भाजीपाल्यातले लोह शरीरात मुरण्यास आंबटाची, विशेषतः ‘क’ जीवनसत्त्वाची, जोड लागते. तेव्हा वैशाखात वाळल्या पाल्याची भाजी वाढताना ताटात लिंबाची फोड वाढण्यास विसरू नये. वाळवणाने जे हिरावून घेतले, ते लिंबू बऱ्याच अंशी भरून काढते.

ती भाजी करावी कशी, हेही सांगते. हरभऱ्याचा वाळला पाला दहा मिनिटे कोमट पाण्यात भिजवावा. तेलात मोहरी, ठेचलेला लसूण आणि सुकी मिरची यांची फोडणी करून त्यात पाला व त्याच पाण्यासह थोडे जास्त पाणी घालून शिजवावा. मग डाळीचे पीठ पाण्यात कालवून लावावे आणि मंद आचेवर दाट होऊ द्यावे. हे आळण ज्वारीच्या भाकरीशी उत्तम लागते. भिजवलेले पाणी फेकू नये. पाल्यातील पुष्कळसे सत्त्व त्यात उतरलेले असते. वाळली वांगी अर्धा तास गरम पाण्यात ठेवून, दाण्याचे कूट व काळा मसाला घालून रस्सा करावा. ताज्या वांग्याची चव तिला येणार नाही, आणि येऊही नये. तिची चव निराळी, थोडी गडद आणि खमंग असते. तिला ताज्या भाजीची बदली न समजता एक स्वतंत्र भाजी मानले, म्हणजे नाक मुरडण्याचे कारण उरत नाही.

शेवटी दोन गोष्टी पुढल्या हंगामासाठी. सारी मेथी एकाच दिवशी पेरू नये. दर पंधरा दिवसांनी एकेक वाफा पेरला, तर पूर येत नाही, झरा वाहत राहतो. आणि हे काम एकट्या गृहिणीच्या माथी मारू नये. वाफ्यातून तोडणी मुलांनी करावी, बाज गच्चीवर चढविणे आणि संध्याकाळी उतरविणे पुरुषांनी करावे, निवडणे व कापणे सर्वांनी मिळून करावे. एका दिवशी पाटीभर वांग्यांचा फडशा पाडण्याचा हट्ट केला की दुसऱ्या दिवशी कोणाचा उत्साह टिकत नाही; रोज परातभर केले तर फाल्गुन संपेतो फडताळ भरते.

बरणीवर काय भरले व कोणत्या तिथीला भरले ह्याची चिठ्ठी चिकटवावी, आणि जुनी बरणी आधी संपवावी. मग ज्येष्ठात, पाऊस लांबलेला असताना आणि बाजार रिकामा असताना, घरातल्या कोणी ‘आज भाजी काय?’ असे विचारले, तर उत्तरासाठी पिशवी उचलण्याची गरज पडणार नाही. फडताळ उघडले की पुरे.